ब्रास लावलं आणि गाडी चढायचीच थांबली: एका १/२४ क्रॉलरची केस

केस माझ्या मेव्हण्याच्या गाडीची आहे. रिमोटवर चालणारा, दगडांवर चढायचा रेडी-टू-रन (डब्यातून काढून लगेच चालवता येणारा) रॉक क्रॉलर, १/२४ स्केलचा म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढा, दोन तळहातांवर आरामात मावेल एवढा. घेतला तेव्हा मस्त चालायचा, मग पठ्ठ्याने व्हिडिओ बघून बघून ढीगभर पार्ट मागवले, सगळे एकाच संध्याकाळी बसवले, आणि दुसऱ्या दिवशी जो दगड गाडी आधी निवांत चढायची त्याच दगडावरून ती मागे उलटी पडायला लागली. त्याचं म्हणणं काय, तर "भाऊजी, साइजच चुकली, १/१८ घ्यायला पाहिजे होती." मी म्हटलं थांब, अजून एक गाडी घ्यायच्या आधी हिचं काय झालंय ते तरी बघू. हे पुढचं सगळं त्या बघण्याचं आहे. नवीन लोकांपैकी बरेच जण नेमके इथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांना क्रॉलर म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ही रेसची गाडी नाही, हिचा वेग माणसाच्या चालण्याइतका किंवा त्याहूनही कमी, कारण मोटर जास्त टर्न्सची, म्हणजे तारेचे जास्त वेढे असलेली आणि हळू फिरणारी, ब्रश्ड असते (अॅक्सियलच्या एससीएक्स२४ या १/२४ मॉडेलमध्ये ८८ टर्नची येते) आणि गिअरिंग अगदी लो. पुढचा आणि मागचा दोन्ही डिफ (डिफरेन्शियल, एक्सलच्या मधले गिअर) लॉक असतात, म्हणजे एका एक्सलची दोन्ही चाकं कायम बरोबरच फिरतात, एक चाक हवेत लटकलं तरी दुसरं ओढत राहतं. याची दुसरी बाजू अशी की सपाट फरशीवर गाडी वळताना टायर घासतात आणि वळण मोठं लागतं, नवीन माणसाला वाटतं स्टीअरिंग खराब आलंय, तसं काही नसतं. तिसरी गोष्ट ड्रॅग ब्रेक, थ्रॉटल सोडला की ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) मोटर धरून ठेवतो आणि गाडी उतारावर जिथल्या तिथे उभी राहते. क्रॉलिंगची अर्धी मजा या थांबण्यात आहे, कारण थांबून बघता येतं, विचार करता येतो, मग पुढचं चाक कुठे टाकायचं ते ठरवता येतं.

आणि छोट्या स्केलचं आकर्षण म्हणजे जागा लागत नाही. पाच सेंटिमीटरचा दगड १/२४ गाडीसाठी खऱ्या जगातल्या १२० सेंटिमीटरच्या दगडाएवढा होतो. चार-पाच दगड, एक फळी, दोन पुस्तकं, झाला ट्रेल. १/१० च्या क्रॉलरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) तीनशे मिलिमीटरच्या वर असतो, त्याला अंगण तरी लागतं. एससीएक्स२४ सारख्या गाडीचा १३४ मिमीच्या आसपास, आणि २०२२ मध्ये आलेल्या ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४एम चा १५५ मिमी, ती १/१८. एफएमएसची एफसीएक्स२४ त्याच २४ स्केलची पण तिला पोर्टल एक्सल आणि दोन स्पीडचा गिअरबॉक्स. पोर्टल म्हणजे चाकाजवळ जास्तीचे गिअर देऊन मधला एक्सल वर उचललेला असतो, त्यामुळे खाली दगड कमी अडतो. यातली कुठलीही घेऊन सुरुवात करता येते, माझं तर मत आहे की पहिली गाडी कुठली यावर लोक गरजेपेक्षा जास्त डोकं खपवतात.

तर परत केसकडे.

मेव्हण्याकडे खेळायची जागा म्हणजे दगडांची एक रास. त्यात तीन ठिकाणं ठरलेली होती. एक तिरका सपाट दगड, त्याला आम्ही स्लॅब म्हणायचो. त्याच्या वर एक पायरी, साधारण टायरच्या उंचीएवढी. आणि पायरीनंतर एक आडवा उतार जिथे गाडी एका बाजूला कलून पुढे जाते, साइडहिल म्हणतात त्याला. स्टॉक, म्हणजे काहीही न बदललेली, गाडी स्लॅब दरवेळी चढायची, पायरी कधी चढायची कधी नाही, आणि साइडहिलवर बहुतेक वेळा लोळायची. नवीन गाडी आणि नवीन ड्रायव्हर धरला तर यात काहीच वावगं नाही.

मग अपग्रेड आले. पुढच्या नकल्सना (चाक वळवणारे सांधे) ब्रास, म्हणजे जड पितळ, दोन्ही डिफ कव्हर ब्रास, चारही चाकांत ब्रासची वजनं, थोडे मोठे टायर, अॅल्युमिनियमचे शॉक, जास्त दमाची मोटर, आणि वर रूफ रॅक, त्यावर मेटलचा लाइट बार, छोटं स्पेअर व्हील, फावडं, जेरी कॅन, काय नि काय. दिसायला गाडी एक नंबर झाली होती यात वादच नाही. चालायला मात्र अशी झाली: स्लॅबवर अर्ध्यात पुढची चाकं हलकी पडायची, पायरीवर सरळ मागे उलटायची, साइडहिलचं तर नावच नको, स्टीअरिंग दगडात अडकलं की वळायचंच नाही, मोटर हात लावला की गरम, आणि बॅटरी आधीपेक्षा लवकर संपायची.

इथे माझा पहिला आग्रह असा होता की कुठलाही पार्ट दोषी ठरवायच्या आधी सगळं काढायचं. त्याला ते अजिबात पटलं नाही, म्हणाला, "अहो, एवढा वेळ घालून लावलंय, तुम्ही एकदम सगळं उतरवा म्हणताय." पण दुसरा मार्ग नव्हता. आठ गोष्टी एकत्र बदलल्या की त्यातल्या तीन फायद्याच्या, तीन तोट्याच्या आणि दोन कशाच्याच नाहीत असं असू शकतं आणि बाहेरून दिसतं फक्त एवढंच की गाडी बिघडली. म्हणून गाडी परत स्टॉक केली, दगडांवर खडूने सुरुवातीची खूण केली, चाकं कुठून जाणार ती रेषाही आखली, आणि ठरवलं की प्रत्येक बदलानंतर त्याच खुणेपासून त्याच रेषेवर सारखेच प्रयत्न करायचे आणि किती वेळा चढली ते वहीत लिहायचं. कंटाळवाणं आहे, कबूल. पण या हॉबीत लोक "आधीपेक्षा बरी वाटतेय" यावर पैसे घालवतात आणि वाटण्यावर काडीचा भरवसा ठेवता येत नाही, कारण नवीन पार्ट लावला की माणूस आपोआप जरा सावकाश आणि लक्ष देऊन चालवतो, आणि श्रेय पार्टला जातं.

पार्ट काढताना पहिला शोध लागला तो स्क्रूचा. त्याने सगळे स्क्रू दाबून घट्ट केले होते, मेटलचा पार्ट आहे म्हणून अजून जोर लावून. एक्सलच्या घराचे स्क्रू जास्त आवळले की आतले गिअर दाबले जातात आणि लिंकच्या (एक्सलला चेसिसशी जोडणारे दांडे) टोकांचे स्क्रू जास्त आवळले की एक्सल मोकळा हलत नाही. तपासायला सोपं आहे. मोटर सुटी करायची म्हणजे पिनियनचा (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) पुढच्या गिअरशी संबंध तुटतो, आणि मग चाक हाताने फिरवायचं. मऊ फिरलं पाहिजे, मध्येच कुठे अडलं नाही पाहिजे. याच्या गाडीचं मागचं एक्सल चक्क जड फिरत होतं, तीन स्क्रू पाव-पाव फेरा सैल केल्यावर मोकळं झालं. मोटर गरम होण्याचं आणि बॅटरी लवकर संपण्याचं बरंचसं उत्तर तिथेच मिळालं, फुकटात. आणखी एक, थ्रेडलॉक (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) फक्त मेटलमध्ये जाणाऱ्या मेटल स्क्रूला लावायचं. प्लास्टिकला लागलं तर काही प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतात, आणि याने तेही लावून ठेवलं होतं, नशिबाने काही फुटलं नव्हतं.

मग वजन. गाडी उलटते का आणि कधी, हा सगळा खेळ गुरुत्वमध्य कुठे आहे याचा आहे. चढावर गाडी मागच्या चाकाच्या टेकण्यावरून मागे फिरते, म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या चाकापासून जितका पुढे आणि जमिनीपासून जितका खाली तितका जास्त चढ झेपतो. कागदावर आकडे टाकून बघितले. समजा व्हीलबेस १३४ मिमी, वजन पुढे-मागे निम्मं निम्मं, आणि गुरुत्वमध्य ४५ मिमी उंचीवर, तर गाडी साधारण ५६ अंशांवर उलटेल. तेवढ्याच उंचीत वजन ६० टक्के पुढे नेलं तर हा कोन ६१ च्या जवळ जातो. आता उलटं करा, मोठे टायर आणि रूफ रॅकमुळे गुरुत्वमध्य १० मिमी वर गेला आणि वजन ४५ टक्के पुढे ५५ टक्के मागे झालं, तर कोन ४८ च्याही खाली येतो. म्हणजे चांगल्या आणि वाईट मांडणीत तेरा अंशांचा फरक, मोटर किंवा ड्रायव्हर न बदलता. साइडहिलचा हिशोब याहून कडक, कारण तिथे व्हीलबेस नाही तर गाडीची अर्धी रुंदी कामाला येते. चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ८० मिमी धरले तर ४५ मिमी उंचीला साधारण ४२ अंश, आणि ५५ ला ३६. वर ठेवलेला लाइट बार चढावर नडतोच पण खरी किंमत बाजूच्या उतारावर वसूल करतो.

हे कागदावर राहू नये म्हणून फळीवर तपासलं. फळीवर गाडी आडवी उभी करायची, खालच्या बाजूच्या चाकांना घसरू नये म्हणून एक पातळ पट्टी चिकटवायची, आणि फळीची एक कड सावकाश उचलायची. वरची चाकं ज्या कोनाला सुटतात तो कोन मोबाइलमधल्या कोन मोजायच्या अॅपवर बघायचा. हिशोबापेक्षा आकडा थोडा कमीच येतो कारण गाडी कलली की स्प्रिंग दबतात आणि बॉडी आणखी झुकते. पण तुलना करायला एकदम भारी. रॅक भरलेला असताना आणि काढल्यावर, या दोन आकड्यांतला फरक मेव्हण्याने स्वतः बघितला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण तोपर्यंत तो "हलकंच तर आहे सगळं" म्हणत होता. हलकं होतं खरं, पण अख्खी गाडीच कशीबशी पाव-अर्धा किलोची, त्यात छपरावरचे वीस-पंचवीस ग्रॅमसुद्धा भरपूर झाले.

पुढे-मागे वजन बघायला किचनमधला डिजिटल काटा पुरतो. पुढची चाकं काट्यावर, मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकावर, आकडा लिहायचा, मग उलटं करायचं. त्याच्या फुल्ली लोडेड गाडीचं वजन मागे जास्त निघालं. चारही चाकांत सारखं ब्रास घातलेलं, मागे डिफ कव्हरही ब्रासचं, वर स्पेअर व्हील रॅकच्या मागच्या टोकाला, आणि बॅटरीची जागा मध्याच्या मागे. एकेक गोष्ट किरकोळ, पण सगळ्या एकाच दिशेला ओढणाऱ्या.

परत बांधणी सुरू केली तेव्हा पहिलं पाऊल बिनखर्चाचं ठेवलं. बॅटरी जमेल तितकी पुढे आणि खाली सरकवली, वायर चाकांच्या किंवा ड्राइव्हशाफ्टच्या वाटेत येणार नाहीत अशा बांधल्या. रिमोटवर स्टीअरिंगची रेंज कमी करायचा एक नॉब असतो तो कधीतरी धक्का लागून अर्ध्यावर आला होता, तो पूर्ण केला, ट्रिम (चाकं मधोमध सरळ ठेवायची सेटिंग) सरळ केली. स्टीअरिंगचं निम्मं दुखणं गेलं. टायर ओल्या फडक्याने पुसले, कारण धुळीचा थर बसलेला रबर दगडाला धरतच नाही, हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही. नुसत्या एवढ्यावर स्टॉक गाडी पायरी आधीपेक्षा जास्त वेळा चढायला लागली.

त्यानंतर फक्त पुढच्या दोन चाकांत ब्रास. बाकी काही नाही. मला विचाराल तर छोट्या क्रॉलरला सगळ्यात जास्त फरक पडतो तो या एका बदलाने, कारण चाकातलं वजन गाडीत शक्य तितकं खाली असतं, स्प्रिंगच्याही खाली, म्हणजे गाडी कशीही डोलली तरी ते जागेवरच राहतं, आणि पुढच्या टायरवर दाब वाढतो. स्लॅबवर पुढची चाकं हलकी पडायची तक्रार इथे संपली. मग पुढचे नकल्स लावले, मग पुढचं डिफ कव्हर, प्रत्येक वेळी खुणेपासून तेच प्रयत्न. नकल्सने थोडा फायदा दिला, डिफ कव्हरने वहीत दिसण्याइतका काहीच फरक पडला नाही पण डिफला दगडाचे ओरखडे बसत होते म्हणून राहू दिलं.

मागच्या चाकांतलं ब्रास हा खरा वादाचा मुद्दा निघाला. लावलं तर साइडहिलवर गाडी जास्त स्थिर, कारण गुरुत्वमध्य खाली जातो, पण पायरीवर परत मागे ओढल्यासारखी व्हायची. काढलं तर उलटं. शेवटी मागे अगदी पातळ वजनं ठेवली, पुढच्यापेक्षा निम्म्याहून कमी, आणि काट्यावर पुढचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास येतोय ना ते बघितलं. दुसऱ्या कोणाच्या दगडांवर साइडहिल जास्त आणि पायऱ्या कमी असतील तर त्याने मागे थोडं जास्त ठेवावं. इथे एकच एक बरोबर उत्तर नाही, आणि जे लोक अमुक ग्रॅम म्हणजे अमुक ग्रॅमच म्हणून सांगतात त्यांनी आपापल्या दगडांचे फोटो पण टाकावेत.

शॉकचं वेगळंच निघालं. नवीन अॅल्युमिनियमचे शॉक चकचकीत होते पण त्यांच्या स्प्रिंग इतक्या कडक की गाडीच्या वजनाने जेमतेम दबायच्या. गाडी उभी असताना शॉक थोडा दबलेला पाहिजे, म्हणजे चाकाला वर जायला आणि खाली लटकायला दोन्हीकडे जागा राहते. कडक स्प्रिंगवर एक चाक दगडावर चढलं की बॉडीच तिरकी होते आणि पलीकडचं चाक हवेत जातं. शिवाय गाडी उंच उभी राहते, म्हणजे परत गुरुत्वमध्य वर. त्याच शॉकमध्ये स्टॉकच्या मऊ स्प्रिंग बसत होत्या, त्या घातल्या, आणि प्रश्न मिटला. म्हणजे खर्च केलेल्या शॉकमधलं उपयोगी काय, तर बाहेरची नळी. हे मी त्याला बोललो नाही, तोच बोलला.

टायरवर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. मोठ्या टायरचा फायदा खरा आहे, गाडीचं पोट दगडापासून वर राहतं, आणि पायरीच्या कडेवर टायर लवकर पोचतो. तोटा असा की टायर दहा टक्के मोठा झाला की गिअरिंगही तेवढंच वर जातं, चाकाच्या टोकाला मिळणारा जोर कमी आणि मोटरवर ताण जास्त. म्हणून मोठे टायर ठेवायचे असतील तर पिनियनला एक-दोन दात कमी करायचे. त्याने उलट केलं होतं, टायर मोठे आणि वर जास्त वेगाची मोटर. मोटर परत स्टॉकची लावली, पिनियन लहान केला, आणि थ्रॉटल परत सावकाश लागू व्हायला लागला. दमाची मोटर क्रॉलरला लागत नाही असं माझं म्हणणं नाही, पण जी मोटर हळू फिरताना धक्के देते ती कितीही दमाची असली तरी पायरीवर काही कामाची नाही.

आणि टायरच्या आतला फोम. टायर दगडावर दाबला तर त्याने दगडाचा आकार घेतला पाहिजे. याच्या नवीन टायरमध्ये फोम इतका घट्ट होता की टायर दगडावर नुसता टेकायचा, फक्त एका ठिपक्यावर. वरून टायर चिकटवताना रिमची हवा जायची भोकं गोंदाने बंद झालेली, त्यामुळे आतली हवा बाहेर जाऊ शकत नव्हती आणि टायर दबत नव्हता. भोकं सुईने मोकळी केली, पुढच्या टायरमधला फोम कात्रीने कडेकडेने थोडा कमी केला, मागचा होता तसाच ठेवला म्हणजे मागे गाडी जास्त डुलत नाही. स्लॅबवरचा फरक कोणीही बघून सांगेल असा होता. ४५ अंशांच्या चढावर न घसरता उभं राहायला टायर आणि दगडामधला घर्षणाचा गुणांक १ लागतो, तिथे रबर मऊ आहे का आणि किती भाग टेकतोय यावरच सगळं येऊन थांबतं, उलटण्याचा कोन कितीही चांगला असला तरी गाडी आधी घसरेल.

रूफ रॅक. यावर आमचं एकमत झालंच नाही. मी म्हटलं काढ. तो म्हणाला, "भाऊजी, मग ती गाडी वाटतच नाही, खेळणं वाटतं." त्याचंही बरोबर आहे, स्केल दिसण्यासाठीच तर माणूस ही हॉबी करतो, नाहीतर नुसती चेसिस चालवली असती. तडजोड अशी झाली की रॅक प्लास्टिकचा राहिला, मेटलचा लाइट बार गेला, स्पेअर व्हीलमधून रिमचं वजन काढून नुसता पोकळ टायर ठेवला, आणि जेरी कॅन खाली मागच्या बंपरला आला. फळीवर परत तपासलं, दोन अंशांच्या आत नुकसान. चालतंय.

आता चालवण्याबद्दल, कारण गाडी नीट झाली तरी पायरी चढेना तेव्हा उरलं ते बोटांचं काम. त्याची सवय अशी की गाडी अडली की थ्रॉटल दाबायचा. क्रॉलरला असा झटका दिला की मोटरचा जोर चाकं फिरवण्याआधी चेसिसच पिळतो, एक बाजू उचलली जाते, याला टॉर्क ट्विस्ट म्हणतात, आणि पुढची चाकं पायरीवर उडी मारून परत खाली येतात किंवा गाडी थेट मागे. त्यापेक्षा पुढचं एक चाक पायरीला आधी लावायचं, किंचित तिरकं येऊन, ते वर टेकलं की दुसरं, मग मागची चाकं एकेक. दोन्ही चाकं एकदम पायरीला आपटली की दोघांनाही एकाच क्षणी वर खेचायचा जोर लागतो. आणि उभं राहून वरून बघत चालवायचं नाही, खाली बसायचं, गाडीच्या टायरच्या उंचीवर डोळे आणायचे, तेव्हा कळतं की पोट कुठे टेकतंय. गुडघे दुखतात हे खरंय.

अडकली तर मागे घ्यायची लाज वाटू नये. स्पर्धांमध्ये गेटमधून (वाटेवर लावलेल्या दोन खुणांमधून) जाताना रिव्हर्स घेतला की दंडाचा गुण लागतो, गेटला धक्का लागला की त्याहून जास्त, पण घरच्या दगडांवर कोण मोजतंय. फूटभर मागे येऊन दोन सेंटिमीटर डावीकडून परत गेलं तर जी पायरी अशक्य वाटत होती ती आरामात होते, हे आम्ही खडूच्या रेषेवर पाहिलं. म्हणून मग रेषाच दोन आखल्या, एक गाडी तपासायची आणि एक ड्रायव्हर तपासायची. पहिली कायम तीच, दुसरी रोज वेगळी.

बॅटरीचं थोडं सांगून ठेवतो कारण नवीन लोक इथे निष्काळजी असतात. या गाड्यांत दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) असते, ७.४ व्होल्ट, पूर्ण भरली की प्रत्येक सेल ४.२. बरेच दिवस खेळायचं नसेल तर भरून ठेवायची नाही आणि रिकामीही नाही, सेलला ३.८ च्या आसपास ठेवायची. चार्जिंग लावून घराबाहेर जायचं नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, "अजून चालतेय ना" म्हणून तर अजिबातच नाही. ईएससीमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर लायपोवर आहे ना ते बघायचं, नाहीतर कमी व्होल्टेजला गाडी स्वतःहून थांबणार नाही आणि सेल मरतील.

तर आजची स्थिती. स्लॅब दरवेळी. पायरी बहुतेक वेळा, आणि जेव्हा होत नाही तेव्हा का झाली नाही हे त्याला सांगता येतं. साइडहिल डावीकडे कलून गेलं की जाते, उजवीकडे कलून गेलं की अजून लोळते. काटा चारही चाकांखाली वेगवेगळा लावून बघितला तर उजवीकडे वजन थोडं जास्त निघालं, ईएससी आणि सर्व्हो (स्टीअरिंग वळवणारी छोटी मोटर) दोन्ही त्याच बाजूला बसवलेले आहेत. सध्या बॅटरी काही मिलिमीटर डावीकडे सरकवून बघतोय, ट्रे थोडा कापावा लागेल असं दिसतंय.

मागच्या डिफचं ब्रास कव्हर, कडक स्प्रिंग, लाइट बार आणि ती दमाची मोटर डब्यात आहेत. १/१८ चा विषय त्याने काढणं बंद केलंय. पुढचा खर्च त्याच्या मते सर्व्होवर, आणि यावेळी मलाही पटतंय, कारण ब्रास नकल्स आणि मोठ्या टायरचं वजन स्टॉक सर्व्होला दोन दगडांच्या मध्ये वळवता येत नाही हे वहीत स्पष्ट दिसतंय: स्टीअरिंग अडकल्यामुळे फसलेले प्रयत्न आता बाकी सगळ्या कारणांपेक्षा जास्त आहेत. मेटल गिअरचा सर्व्हो घ्यायच्या आधी तो एवढंच तपासणार आहे की ईएससी त्याला पुरेसा करंट देऊ शकतो का, नाहीतर सर्व्हो जोर लावेल तेव्हा व्होल्टेज पडून रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) क्षणभर बंद होईल आणि गाडी ऐन पायरीवर सुटेल.